कुंडीतला वड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. गच्चीवरच्या लहान झाडांविषयी सांगा असा आपण आग्रह केलात, म्हणून हाताने जे करते तेवढेच सांगते. या झाडांना जपानी शब्द बोन्साय. उथळ भांड्यात लावलेले झाड, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे वामनवृक्ष म्हणतात.

यासाठी रोप विकत आणायला नको. पक्षी वडापिंपळाची फळे खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून बी पन्हळीत नाहीतर भिंतीच्या भेगेत पडून उगवते. पुढे मुळे भिंत फोडतात, म्हणून ते रोप काढावेच लागते. काढलेले रोप कचऱ्यात न टाकता जवळपास मोकळी जागा असेल तर तेथे लावा. जागा नसेल तर कुंडीत घ्या.

प्रथम ओळख पटवावी. या सगळ्या कुळाला पांढरा चीक असतो. पण चीक रुईलाही असतो, म्हणून आणखी एक खूण पाहावी. शेंड्याच्या कोवळ्या पानावर टोकदार वेष्टन असते. पान उघडले की ते गळते आणि फांदीभोवती बांगडीसारखी बारीक रेघ राहते. आपण खातो ते अंजीरही याच कुळातले.

आता वेगवेगळ्या झाडांच्या खुणा. वडाचे पान जाड, लंबगोल, टोकाला बोथट. कोवळे असताना खालून मखमलीसारखे लागते. पिंपळाचे पान पत्त्यातल्या बदामासारखे, त्याला लांब शेपटी. उंबराच्या फळांचे घोस खोडालाच लगडतात. नांदरुकाचे पान लहान, जाडसर आणि चकचकीत. नवशिक्या बाईने नांदरुक घ्यावे, कारण पान मुळातच लहान आणि छाटणी चांगली सोसते. वडाचे पान मोठे, म्हणून त्याचे झाड दीड-दोन हात उंच ठेवले तरच शोभते.

रोप पावसाने भिंत ओली झाल्यावर सावकाश काढावे, मुळे ओल्या फडक्यात गुंडाळावी आणि एक-दोन वर्षे साध्या कुंडीत वाढू द्यावे. खोड अंगठ्याएवढे झाले की पावसाळ्याच्या सुरुवातीला उथळ कुंडीत हलवावे. कुंडीला भोके हवीतच. त्यांवर जाळीचा तुकडा ठेवावा. दोन वाट्या विटकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक वाटी जाड वाळू आणि एक वाटी जुने शेणखत, असे माझे प्रमाण आहे. सगळे चाळून घ्यावे आणि खाली पडलेली धूळ टाकून द्यावी. तिचा चिखल होऊन मुळे कुजतात. सरळ खाली जाणारे जाड मूळ आखूड करावे, बारीक मुळे राखावी. एकंदरीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये. भोकांतून तार ओवून झाड कुंडीला बांधावे, म्हणजे ते हलत नाही. विणायच्या सुईने माती मुळांमध्ये सारावी. दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून मग उन्हात आणावे. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत घालून पाहावे.

तार त्याच दिवशी बांधू नये. मुळे धरली, नवी पाने फुटली, की मग बांधावी. मऊ ॲल्युमिनियमची तार घ्यावी, फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. एक टोक खोडाला पक्के करून, बुंध्याकडून शेंड्याकडे तिरपे वेढे द्यावे. फार घट्ट नको, फार सैल नको. लहान मुलीची वेणी घालतो तशी. मग दोन्ही अंगठे फांदीखाली धरून हळूहळू वाकवावे. साल फुटून चीक आला की थांबावे. तो चीक डोळ्यांना आणि कपड्यांना लागू देऊ नये. पावसाळ्यात ही झाडे झपाट्याने जाड होतात, म्हणून महिन्यानंतर दर आठवड्याला पाहावे आणि तार रुतण्याआधी काढावी. उलटे वेढे सोडू नयेत, फांदी मोडते. पक्कडीने तुकडे करून काढावी.

कोणी म्हणतात, हा झाडाचा छळ आहे, उपाशी ठेवून खुजे करतात. उपाशी झाड मरते, भगिनींनो. ते लहान राहते छाटणीमुळे, आणि दर दोन वर्षांनी त्याला नवी माती मिळते. मात्र हे झाड मोठ्या वडाची जागा घेत नाही. मोठ्या वडावर शेकडो पक्षी जेवतात.

मोठा वड वाचावा म्हणूनच मी ही गोष्ट आपल्यापुढे मांडते. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला आपण वडाच्या फांद्या तोडून आणतो, पाटावर पुजतो आणि दुसऱ्या दिवशी वाळलेल्या टाकून देतो. ज्या झाडाखाली सावित्रीने सत्यवानाचे प्राण परत मिळवले म्हणतात, त्याचीच फांदी तोडून पूजा करायची हे मनाला पटत नाही. मंडळाने यंदा वडाची तीन रोपे धरावी. तीन-चार वर्षांत ती पूजेजोगी होतील. तोवर मोठ्या वडाकडे चालत जावे, पण फांदी तोडू नये.

या कुंड्यांना पाणी घालण्याच्या पाळ्या लावाव्या. त्या पाळीत पूजेला ज्यांना बोलावत नाहीत अशा आपल्या विधवा भगिनींचीही नावे असावी. झाड पाणी घालणारीचे कपाळ पाहत नाही.