भाकरी, भात आणि शेजारची वाटी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात आहारावर बोलायचे म्हणजे लग्नघरी उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. मंडपामागे जिलेबीचा पाक चढला आहे, त्याचा वास इथवर येतो आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो की आजच्या जिलेबीशी आमचे वैर नाही. वर्षातून चार वेळा पानात पडते त्याने प्रकृतीचे फारसे बिघडत नाही. आम्हांला बोलायचे आहे ते उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या ताटाबद्दल.

या विषयासाठी हैदराबादकरांना आधार शोधायला दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्था आपल्या तारनाक्यालाच आहे. तिचा जन्म मात्र १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला झाला, आणि तोही बेरीबेरी या एका रोगाच्या शोधासाठी. तांदूळ गिरणीत घासून पांढराशुभ्र केला की कोंड्याबरोबर थायमिन हे जीवनसत्त्व निघून जाते, आणि जो माणूस जवळजवळ तेवढ्याच भातावर जगतो त्याचे पाय बधिर होतात, हृदय थकते. १९५८ साली ही प्रयोगशाळा हैदराबादला आली, तेव्हा इथे तिची गाठ पेलाग्रा नावाच्या दुसऱ्याच रोगाशी पडली. ऊन लागते तेथली कातडी काळवंडते, जुलाब सुरू होतात, पुढे बुद्धीचाही तोल जातो. हा रोग दख्खनच्या पठारावरच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत आढळत होता! डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाकडे बोट दाखवले. त्या मीमांसेवर पुढे बराच वाद झाला, त्यात आपण शिरू नये. आपल्या कामाची गोष्ट एवढी, की या रोग्यांच्या ताटात भाकरीखेरीज फारसे काही पडतच नव्हते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की ज्वारीला हल्ली फार चांगले दिवस आले आहेत. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले आणि मराठवाड्यातून येथे स्थायिक झालेल्या आपल्या घरांचा ऊर भरून आला. मधल्या काळात त्याच भाकरीला आपण खेडवळ ठरवले होते, हे कोणी बोलत नाही. अर्थात दोष सगळा आपला नव्हे. कालव्यांचे पाणी आले, १९८३ पासून आंध्र प्रदेशात शिधापत्रिकेवर दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला, आणि भाकरी थापणारा हातही घरोघर उरला नाही. आता मात्र मधुमेह झाला की आपण एकदम ज्वारीकडे धावतो आणि डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून तीन-तीन भाकऱ्या निर्धास्तपणे खातो.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, तर घासलेल्या पांढऱ्या तांदळात तीनही भरत नाहीत. ज्वारीची बाजू इथे भक्कम आहे. पण कोंडा न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ते अकराच्या आसपास असतात, म्हणजे साधी घरची पोळी भाकरीपुढे मुळीच लाजत नाही! आणि भाकरी काय, पोळी काय, भात काय, पिष्टमय पदार्थच ते. पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींचा अंदाज दहा कोटींवर गेला. तेव्हा कोणते धान्य हा वाद थोडा बाजूला ठेवून धान्य किती, आणि त्याच्या शेजारच्या वाटीत काय, हे पाहिलेले बरे.

याच पोषण संस्थेने २०२४ साली दिवसभराच्या ताटाचे माप दिले आहे. दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. ही सगळी कच्च्या जिनसांची मापे आहेत. मांसाहारी घरांत डाळीचा काही वाटा अंडी-मासळीने भरून निघतो. तेल २७ ग्रॅम. म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर. प्रत्येकीने आपल्या घरच्या डब्याशी हा हिशेब ताडून पाहावा, आम्ही उत्तर विचारणार नाही.

धान्याचे माप आपल्याकडे सहज पुरे होते, किंबहुना ओसंडते. अडते ते डाळीपाशी. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी घालतो आणि पाहुणे गेल्यावरही ते पाणी तसेच राहते. त्या पातळ वरणाच्या दोन वाट्यांनी ८५ ग्रॅम कोठून होणार? मटकीची उसळ, मुगाचे घट्ट वरण, पिठले, सकाळी एखादे धिरडे, असे दिवसातून तीनदा काही आले तर गाडी रुळावर येते.

भाजीचे दुखणे आणखी वेगळे आहे. ती अपुरी असते, आणि असते तीही घरच्या बाईपर्यंत पोचत नाही. सगळ्यांना वाढून ती बसते तेव्हा पातेल्यात रस्सा आणि भांड्याला चिकटलेले चार तुकडे उरलेले असतात. ती लोणच्याशी पोळी खाते आणि वर “मला भूकच नव्हती” असे सांगते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या समाजातल्या घरांना त्यातून सूट मिळाली असेल असे आम्हांला वाटत नाही. भाजी जास्त करा, हा उपाय अर्धाच आहे. पानावर सगळ्यांनी एकत्र बसा, हा दुसरा अर्धा.

पालेभाजी महाग हवी असेही नाही. तेलुगू शेजारणीचा गोंगुरा तो आपलाच अंबाडा. कण्या घालून केलेली त्याची भाजी मराठवाड्यातल्या घरांना सांगायला नको. पालेभाजी आणि डाळ यांतले लोह अंगी लागायला लिंबाची फोड मदत करते, आणि जेवणावरचा चहा ते अडवतो. इराणी चहा सोडा असे या शहरात म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तो लांब ठेवा, एवढेच.

एक बाब मात्र विश्वस्तांपुढे ठेवायची आहे. आपल्या कित्येक ज्येष्ठ सभासदांची मुले परगावी किंवा परदेशी आहेत. दोघांपुरता, पुष्कळदा एकट्यापुरता स्वयंपाक करण्याचा कंटाळा येतो आणि रात्रीचे जेवण चहा-बिस्किटांवर भागते. त्यात डाळ नाही, भाजी नाही. स्नायू झिजतात, तोल जातो, आणि एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो. संस्थेच्या वसतिगृहात रोज मुलांचा स्वयंपाक होतोच. त्याच चुलीवर आणखी वीस-पंचवीस माणसांचे घट्ट वरण, एक भाजी आणि मऊ पोळ्या करून डबे पोचवता येतील. खर्चाचा अंदाज आम्ही चिटणिसांकडे दिला आहे. घेणाऱ्याने पैसे द्यावेत, म्हणजे संकोच उरणार नाही. ज्याला शक्य नसेल त्याचे निधीतून, नाव न घेता.

आजच्या पंगतीत अंबाड्याची भाजी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ आहे. भाकऱ्या करायला दोघीच आहेत, तेव्हा ज्यांना हव्यात त्यांनी आत्ताच हात वर करावेत, म्हणजे तवा चढवायला सांगतो.