हरवलेल्या पुस्तकांच्या बाजूने

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या विभागीय अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून एसटीने, जीपने, काही तर मोटारसायकलवर डबल सीट आलेल्या माझ्या ग्रंथपाल बंधू-भगिनींनो,

परभणी जिल्ह्यातल्या एका ड वर्ग वाचनालयात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला आपण या खुर्चीवर बसवलंत, त्याबद्दल आभार. जेवण उत्तम होतं. उद्घाटकांचं भाषण लांबलं, त्यामुळे माझा वेळ कमी झाला, हेही आपल्या सोयीचंच झालं.

अध्यक्षाने विभागातल्या सांस्कृतिक संस्थांचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मोडत नाही, उरकून घेतो. नाट्यगृहं जिल्ह्याच्या गावी आहेत. तालुक्याला जिथे आहेत तिथे बरीचशी दुरुस्तीच्या नावाखाली बंद. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, सातवाहन काळातल्या वस्तू तिथे आहेत. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिलंय, हे हात वर करून विचारत नाही. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार, त्यातली बहुतेक क आणि ड या खालच्या वर्गांतली, म्हणजे आपली. कायदा १९६७ चा. मद्रासने १९४८ सालच्या कायद्यातच ग्रंथालय कर बसवला. आपण कर टाळला आणि अनुदानाची वाट धरली. २०१२ साली महसूल खात्याकडून आपली पडताळणी झाली, आणि नव्या मान्यता व वर्गवाढ जी थांबली, ती वर्षानुवर्षं थांबलेलीच राहिली. झाला आढावा.

आता मला जे बोलायचंय ते. ते मी १९८६ पासून बोलायचं ठेवलंय.

त्या साली आमच्या वाचनालयाची वार्षिक तपासणी झाली. मी तेव्हा नवखा होतो, मानधन महिन्याला पंच्याहत्तर रुपये. आलेल्या साहेबांनी दाखल नोंदवही उघडली, कपाटातली पुस्तकं बाहेर काढून मोजली. दिवसभर मोजली. किती माणसं वाचतात, हे त्यांनी विचारलं नाही. कोण वाचतं, काय वाचतं, बाया वाचतात का, हेही नाही. संध्याकाळी आकडा निघाला. एक्केचाळीस पुस्तकं कमी. शेरा लिहिला : ग्रंथपालाकडून वसूल करावे. रक्कम सहाशे बारा रुपये. आठ महिन्यांचं मानधन मी भरलं, तेही दोन हप्त्यांत. आणि दुसऱ्या दिवशी परभणीला जाऊन एक अलिगढी कुलूप विकत आणलं. त्याचे पैसेही माझेच.

ते कुलूप अकरा वर्षं कपाटावर होतं. वाचक यायचा, दाराशी उभा राहायचा, नाव सांगायचा, मी कपाट उघडून पुस्तक काढून द्यायचो. ज्याला पुस्तकाचं नाव ठाऊक नाही, तो गप्प परत जायचा. आणि खेड्यात नाव कुणाला ठाऊक असतं? माणूस पुस्तक हाताळतो, मागचं पान बघतो, चित्र बघतो, मग नेतो. बाजारात मेथीची जुडीसुद्धा आपण हातात घेतल्याशिवाय घेत नाही. या अकरा वर्षांत देवघेव निम्म्यावर आली. आणि दरवर्षी माझा शेरा काय यायचा? ‘दप्तर अद्ययावत. ग्रंथसंग्रह सुस्थितीत.’ एकदा तर तालुक्याला सत्कार झाला, शाल-नारळ. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, हे कबूल करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याला मोजतात ते कपाटातल्या पुस्तकांवरून, लोकांच्या हातातल्या पुस्तकांवरून नाही. त्यामुळे आपण पुस्तकं सांभाळायला शिकलो आणि द्यायचं विसरलो. बाकीचे सगळे रोग याच एका रोगातून आले आहेत.

काल परिसंवादात तीन वाद झाले. वेतनाचा, हलक्या वाङ्मयाचा आणि अभ्यासिकांचा. तिन्ही ठिकाणी मी मागे बसून ऐकत होतो.

वेतनाबद्दल दुमत कसलं? प्रभा राव समिती झाली, पत्की समिती झाली, शिफारशी कपाटात गेल्या, तिथेही कुलूपच. ड वर्गाला २०१२ नंतर दहा वर्षं सालाला तीस हजार मिळत होते, त्यातले निम्मे वेतनाचे. महिन्याला साडेबाराशे. २०२२ साली साठ टक्के वाढ झाली, तरी हिशेब दोन हजारांवरच गेला. गवंड्याच्या हाताखालचा माणूस हे चार दिवसांत कमावतो. यावर भाषण नको, मोर्चा हवा, आणि मोर्चात हा म्हातारा पुढे असेल. पण हा वाद मांडणाऱ्यांना एक प्रश्न विचारतो. दोन हजारांच्या माणसावर तुम्ही चार लाखांच्या पुस्तकांची जोखीम टाकता. तो कुलूप लावणार नाही तर काय करणार? उद्या त्याला वीस हजार दिलेत आणि वसुलीचा शेरा तसाच ठेवलात, तर तो एवढंच करेल की आणखी भारी कुलूप आणेल.

हलक्या वाङ्मयाचा वाद ऐकून मला हसू आलं. एका प्राध्यापकांनी सांगितलं, शासनाच्या पैशातून काकोडकर, गुरुनाथ नाईक, अर्नाळकर असल्या लेखकांच्या पुस्तकांची खरेदी थांबवावी. प्राध्यापकसाहेब, आमच्या गावात एक पोरगा होता, आठवीतला. कुलपाच्या काळातला हा शेवटचा वाचक म्हणायला हरकत नाही. दर दोन दिवसांनी बाबा कदमांची कादंबरी न्यायचा. मला संशय आला. मी त्याला मधलाच एक प्रसंग विचारला. त्याला काही सांगता येईना. मी म्हटलं, तू वाचत नाहीस, नुसता मिरवतोस, उद्यापासून पुस्तक बंद. नियमावर बोट ठेवून मी मोठा शहाणा झालो.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याची आई आली. आमचं वाचनालय मारुतीच्या पाराला लागून. तिथे चोवीस तास गडीमाणसं बसलेली. ती पायरीवर चढलीच नाही. खाली उभं राहून म्हणाली, “भाऊ, त्या पोराला कशाला बोलता? त्यो न्हाई वाचत. मी वाचते. त्या बाईचं पुढं काय झालं, तेवढं तरी सांगा.”

नंतर कळलं, ते एक पुस्तक सात घरं हिंडायचं. दुपारी खुरपायला जाताना एकीकडून दुसरीकडे. माझ्या नोंदवहीत वाचक एक, तोही खोटा. खऱ्या सातजणींचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं. दोनेक वर्षांनी तिच्या लेकीचं लग्न झालं. रुखवतात भांडी, तोरणं, लोकरीचा ससा, आणि त्यांच्यामध्ये आमच्या वाचनालयाचा गोल शिक्का असलेली कादंबरी मांडलेली. मी शिक्का पाहिला, अक्षता टाकल्या, पंगतीला बसलो आणि घरी आलो. ते पुस्तक त्या मुलीबरोबर जिंतूरकडे सासरी गेलं. दाखल नोंदवहीत मी ‘गहाळ’ लिहिलं. दुसरा शब्द आपल्या दप्तरात नाही.

त्या लग्नानंतर, १९९७ साली, मी कुलूप काढलं. पुन्हा लावलं नाही. शेल्फ उघडं केलं, ज्याला जे हवं ते त्याने काढावं. रंगनाथन यांनी मद्रासला विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेच केलं होतं. १९३१ साली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपाने आली, आणि त्यातलं पहिलंच सूत्र असं की ग्रंथ वापरासाठी असतात. आपण दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या तसबिरीला हार घालतो. तसबीरही बऱ्याच ठिकाणी कपाटावरच असते, कुलपाच्या जरा वर.

कुलूप काढल्यावर किती पुस्तकं गेली? मी हिशेब ठेवलाय, कारण मला ठाऊक होतं की एक दिवस कुणीतरी विचारेल. वर्षाला देवघेव दोन हजारांच्या आसपास जायला लागली, आणि दरवर्षी आठ, नऊ, दहा पुस्तकं जायची. पुष्कळ वर्षांनी एका निवृत्त लेखापरीक्षकाने मला केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम दाखवले, २०१७ चे. त्यात नियम २१५ असा आहे की वर्षभरात हजार पुस्तकं दिली-घेतली, तर त्यामागे पाच हरवणं वाजवी समजावं. अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसली म्हणजे झालं. दुर्मीळ किंवा हजार रुपयांहून महाग पुस्तक असेल तर मात्र चौकशी. दोन हजारांमागे दहा! मी जन्मभर ज्याच्यापायी चोरासारखा वागलो, ते दिल्लीच्या हिशेबात बसत होतं. माझे सहाशे बारा रुपये मला परत नकोत. पण हा नियम आपल्यापैकी एकाच्याही वाचनालयात भिंतीवर का नाही? तो केंद्राच्या ग्रंथालयांचा आहे, आपल्याला लागू नाही, हे मला कळतं. लागू करून घ्या, एवढंच म्हणतो.

अभ्यासिकांबद्दल. पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरं येऊन बसतात, कादंबऱ्या वाचत नाहीत, वाचनालयाचं वाटोळं झालं, असं काल कुणी म्हणालं. पोरं येतात ना? दार उघडं आहे ना? माझ्याकडे गणिताची पुस्तकं पाठ करणारा एक मुलगा रात्री कंटाळला की शेजारच्या फळीवरची शिकारकथा ओढायचा. फळी उघडी होती म्हणून ओढायचा. कुलूप असतं तर मोबाईल ओढला असता. यापलीकडे या वादात मला काही दिसत नाही.

आणि संगणक. आम्हाला एक मिळाला होता. त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला झाली. डेडस्टॉक! जिवंत माणसाच्या उपयोगाची वस्तू आली की आपण पहिल्या दिवशी तिची नोंद मेलेल्यांत करतो. चोरीच्या भीतीने तो आतल्या खोलीत, वर प्लॅस्टिकचं आवरण, त्यावर नारळाचं कुंकू. तीन वर्षांनी आवरण काढलं तेव्हा उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. वस्तू मात्र तपासणीला हजर होती, जशीच्या तशी. नाट्यगृहाची चावी नगरपरिषदेच्या एका बाबूकडे आणि संग्रहालयाची माहिती फक्त फलकावर असते, त्याचंही कारण हेच. हिशेब वस्तूचा द्यायचा असतो, वापराचा कुणी मागत नाही.

आपल्या भागात हे मुळात असं नव्हतं. निजामी अमलात सभा भरवायची तर परवानगी लागे, त्या हुकमाचं नाव, गश्ती निशान त्रेपन्न, आमच्या घरात शिवीसारखं वापरलं जायचं. सभेवर बंदी, म्हणून लोक वाचनालयात जमत. माझे वडील सांगत, १९४७-४८ च्या धामधुमीत आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकं लोकांनी रातोरात वाटून घेतली. कुणी कणगीत ठेवली, कुणी गोठ्यात आढ्याला बांधली. सप्टेंबर १९४८ ला निजामी अंमल संपल्यावर ती पुन्हा गोळा झाली. दोनशेतली पावणेदोनशे आली. खोलीला आग लागली होती, कपाट जळलं होतं. पुस्तकं वाचली, कारण ती कपाटात नव्हती. त्या न आलेल्या पंचवीस पुस्तकांची वसुली कुणी लावली असती, तर गावाने त्याला वेशीबाहेर काढलं असतं.

आणि देण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरायला लागल्या. १९३१ साली तामिळ मुलखात मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं निघाली. खड्ड्यांच्या रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीतून एखादं पुस्तक पडलं नसेल, असं मला सांगू नका. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला. आपला हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि तिथेही १९५५ साली ग्रंथालय कायदा झाला होता. तेव्हा मागास, मागास म्हणून आपण जी रड लावतो, ती मला मान्य नाही.

आपल्या ग्रंथालय संघाने काय करावं, असं आपण विचाराल. एक तर गहाळ पुस्तकांच्या मर्यादेचा मसुदा करून संचालनालयाला द्यावा. मसुदा मी लिहीन म्हणतो; माझं अक्षर बरं आहे, बाकीचं कुणीतरी तरुणाने बघावं. दुसरं, तपासणीच्या तक्त्यात ‘बाहेर असलेली पुस्तकं’ हा रकाना सगळ्यात वर यावा. तो कसा आणायचा, कुणाला भेटायचं, हे ठराव समिती ठरवेल. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून येणाऱ्या पुस्तकांच्या निवडीत खेड्यातल्या वाचकाचं कुणी ऐकावं, हेही करायला हवं. तिसरं काहीतरी मी कागदावर लिहिलं होतं. कागद सापडत नाही.

मागच्या वर्षी मी चार्ज दिला. नव्या ग्रंथपालबाई हुशार आहेत, बी.लिब. झालेल्या आहेत. चार्ज घेताना त्यांनी यादीप्रमाणे सगळं तपासलं, आणि शेवटी विचारलं, “काका, कपाटाची किल्ली?” मी म्हटलं, कुठे आहे ते ठाऊक नाही. त्यांनी चार्जपत्रावर लिहिलं, ‘किल्ली गहाळ.’ मी त्याखाली सही केली.

बाहेर मंडपात, पाण्याच्या पिंपाशेजारी, मी तीन खोकी ठेवली आहेत. पुस्तकं माझी स्वतःची आहेत, शिक्का नाही, तेव्हा अधिकारी मंडळींनी दचकू नये. शेजारी वही ठेवलेली नाही. दुपारच्या सत्राला अजून अर्धा तास आहे.