बोलका तक्ता



मूल शाळेतून घरी येते आणि सांगते, "बाईंनी कवितेचा प्रकल्प दिलाय. डिजिटल पोस्टर करायचंय." ते ऐकले की घरात गडबड उडते. कुणी म्हणतो, संगणक कुठून आणायचा? कुणी म्हणतो, खेडच्या बाजारात एखाद्या दुकानात पैसे टाकू, तो करून देईल. दुकानदार देतोही करून, छान रंगीत. पण त्यात मुलाचे काय राहिले? नाव तेवढे.

म्हणून आज आम्ही ह्या कामाविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. हे काम घरी होते. घरात एक साधा स्मार्टफोन असला की पुरे. आणि त्यात तुमचा हात लागतो. तुम्ही आत्ता आत्ता वाचायला शिकलात, तरीही लागतो.

पोस्टर म्हणजे काय? आपला भिंतीवरचा तक्ता. त्यावर कविता लिहितात, चित्र काढतात. डिजिटल पोस्टर म्हणजे तोच तक्ता, पण तो बोलतो. त्याच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो. फोन त्याच्यासमोर धरला की कविता ऐकू येते.

हा चौकोन तुमच्या ओळखीचा आहे. वाण्याच्या दुकानात पैसे देताना फोन धरता ना, तोच. त्याला क्यूआर कोड म्हणतात. जपानमधल्या एका कारखान्यात १९९४ साली तो निघाला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला त्यांना तो हवा होता. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यांवरून फोनला कळते, की वरची बाजू कुठली आणि खालची कुठली. मधल्या ठिपक्यांत अक्षरे साठवलेली असतात. बहुतेक वेळा ती अक्षरे म्हणजे एक पत्ता असतो. हे नीट ध्यानात घ्या. आवाज त्या चौकोनात नसतो. आवाज इंटरनेटवर ठेवलेला असतो, आणि चौकोन त्याचा पत्ता सांगतो. ठेवलेला आवाज कुणी पुसला, तर पत्ता राहतो पण घर रिकामे!

कवितेला ही खूण जोडण्याचे काम आपल्याच राज्यात एका गुरुजींनी केले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून लहानसे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी मुलांच्या पुस्तकांना असे चौकोन जोडले. फोन धरला की मुलांना कविता ऐकू येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ही खूण आली. २०२० साली डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आता कविता कुठली घ्यायची? आपल्या जिल्ह्यातली मुले बहुधा केशवसुतांचे नाव घेतात. ते आपल्या मालगुंडचे. जन्म १८६६ सालचा. मालगुंडला त्यांचे स्मारक आहे. तिथे त्यांच्या कविता दगडावर कोरून लावल्या आहेत. तोही एक तक्ताच म्हणा, दगडाचा! केशवसुत जरूर घ्यावेत. पण आम्ही दुसरीही एक वाट सुचवतो.

एका वाडीत आम्ही एका आजीला विचारले, "आजी, तुम्हाला ओव्या येतात?" आजी म्हणाली, "येत होत्या. पण ती कविता नव्हं. आम्ही अडाणी माणसं."

मंडळी, बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या जळगावकडच्या, शेतकरी घरातल्या. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातलग ती ऐकत आणि लिहून ठेवत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्रे ह्यांच्या खटपटीने ती गाणी पुस्तकात छापून आली. आज ती शाळेच्या पुस्तकात असतात. घरच्यांनी लिहून घेतली नसती, तर त्यांच्याबरोबरच गेली असती. आणि त्यांचा आवाज? गाणी कागदावर राहिली, आवाज राहिला नाही.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ ह्यांनी हे ओळखले होते. सहकाऱ्यांना घेऊन ते खेडोपाडी फिरले. जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी जमवल्या, आणि पुष्कळ ओव्या आवाजासकट राखल्या.

तेव्हा मुलाला घेऊन आजीकडे बसा. ओवी असो, लावणीच्या वेळचे गाणे असो, जाखडीतले गाणे असो. आजोबांनाही विचारा. आधी त्यांची परवानगी घ्या. "हे शाळेत लावू, लोक ऐकतील," असे स्पष्ट सांगा. नको म्हणाली तर नको.

आवाज घ्यायला सकाळची वेळ बरी. पंखा बंद करा. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर थांबा. आपल्याकडे आषाढात थांबावेच लागते! फोन तोंडापासून वीतभर लांब ठेवा. फोनची रेंज बंद करा, नाहीतर नेमक्या ओवीत मुंबईचा फोन येतो. घरात जाते असेल तर एकदा जात्याच्या घरघरीसह घ्या, एकदा नुसता गळा घ्या.

मग मुलाने ऐकून शब्द लिहावेत. आजी जसे बोलली तसेच लिहावेत. शुद्ध करायला जाऊ नये. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या खानदेशी बोलीतच छापली, म्हणून ती त्यांची राहिली. लिहून झाले की तुम्ही वाचून पाहा. शब्द राहिला असेल तर तुम्हालाच कळेल. मुलाने तो कधी ऐकलेला नसतो.

तक्त्यावर गर्दी नको. मधोमध गाणे, ठळक अक्षरात. बाजूला एक चित्र, जात्याचे म्हणा, किंवा आजीच्या हातांचे. खाली चौकोन, आणि चौकोनाभोवती बोटभर जागा कोरी. शेजारी लिहा, "इथे फोन धरा आणि ऐका." पत्ता, फोन नंबर असले काही घालू नका. आवाज इंटरनेटवर ठेवताना "ज्याच्याकडे पत्ता आहे त्याला उघडता येईल" अशी सोय निवडा. नाहीतर पाहुणे फोन धरून उभे आणि फोन म्हणतो, परवानगी नाही. हे पाहायला दुसऱ्याच्या फोनवर एकदा लावून बघावे.

आणखी एक. गाणे ऐकायला पिन लागत नाही. कुठल्याही चौकोनाने गाणे ऐकवायला पिन मागितला, तर फोन बंद करा.

आवाजाची एक प्रत शाळेत ठेवा, एक मुंबईच्या नातलगाकडे पाठवा. २०२१ च्या जुलैत जगबुडीचे पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरले, ते आपण विसरलेलो नाही. पाण्यात कागद जातो, तसा फोनही जातो.

शाळेत तक्ता फार उंच लावू नका. लहान मुलाचा हात पोचला पाहिजे. जिथे रेंज नसते, तिथे आवाज एका फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. आणि तक्त्याजवळ एक खुर्ची मांडा. आजी आपलीच ओवी ऐकायला येईल, ती किती वेळ उभी राहणार?