साडेसात लाख सह्या
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मला दिलेला विषय आहे ‘नागरिक आणि ऊर्जेचा प्रश्न’. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. म्हणून सगळ्या जगाचा फेरफटका मारण्याऐवजी मी आपणास एकाच देशाची हकीकत सांगणार आहे. तो देश म्हणजे दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर. नकाशावर तो चटकन सापडत नाही. पण जमिनीखाली तेल असताना ते काढू नका, असे तेथील सामान्य माणसांनी आपल्या सरकारला मतपेटीतून सांगितले.

तेलाबद्दल असे काही बोलणे आपल्या समाजात सोपे नाही, याची मला जाणीव आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत कामे निघाली आणि कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांत कौलारू घराच्या जागी स्लॅबचे घर उभे राहिले. मुलांच्या फिया, बहिणींची लग्ने, मशिदीची दुरुस्ती, शाळेच्या खोल्या, या सगळ्यांत कुवेत, बहारीन आणि सौदीहून आलेल्या ड्राफ्टांचा वाटा आहे. त्या पैशाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, आणि तशी इच्छाही नाही. आमच्या भावांनी तो उन्हात उभे राहून मिळवलेला आहे. तेव्हा मी जे सांगतो ते तेलाचे उपकार मान्य करूनच सांगतो.

इक्वेडोरच्या पूर्वेस ॲमेझॉनचे अरण्य आहे. १९७२ साली तेथील तेल नळातून डोंगर ओलांडून समुद्रकिनाऱ्यावर पोहोचले. तेलाचे पहिले पिंप राजधानी किटोच्या रस्त्यांवरून लष्करी मिरवणुकीत नेण्यात आले आणि लष्करी महाविद्यालयाच्या स्मारकात ठेवण्यात आले. आता आपले दारिद्र्य संपले, अशी लोकांची समजूत झाली. तेलाच्या भरवशावर सरकारने परदेशी कर्जे काढली. पुढे भाव पडले, कर्जे मात्र उरली, आणि २००० साली त्या देशाला स्वतःचे चलन सोडून अमेरिकन डॉलर स्वीकारण्याची पाळी आली. जेथून तेल निघाले त्या उत्तरेकडच्या अरण्यात तेलाबरोबर वर येणारे दूषित पाणी खड्ड्यांत आणि ओढ्यांत सोडले गेले. त्याचे खटले १९९३ पासून दोन खंडांतील न्यायालयांत चालले. ती एक स्वतंत्र कहाणी आहे, आज ती बाजूला ठेवू.

त्याच अरण्यात यासुनी नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९७९ साली राखीव झाले. तेथील एका हेक्टरमध्ये, म्हणजे आपल्या अडीच एकरांत, झाडांच्या साडेसहाशेहून अधिक जाती मोजल्या गेल्या आहेत. वाओरानी आणि किचवा लोक तेथे राहतात. तागाएरी आणि तारोमेनाने हे दोन गट तर बाहेरच्या जगाशी संबंधच ठेवीत नाहीत. या उद्यानाच्या पूर्व टोकाखाली, इशपिंगो, तांबोकोचा आणि तिपुतिनी या तीन ठिकाणी, देशाच्या ज्ञात साठ्याचा सुमारे पाचवा हिस्सा तेल सापडले.

२००७ साली राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे एक वेगळाच प्रस्ताव मांडला. आम्ही हे तेल जमिनीतच ठेवतो, त्यातून मिळू शकणाऱ्या उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, म्हणजे ३६० कोटी डॉलर, जगाने आम्हाला तेरा वर्षांत द्यावी. तो पैसा वारा, ऊन, पाणी यांपासून वीज करण्याच्या कामी लावायचा होता. मला हा प्रस्ताव आजही न्यायाचा वाटतो. धूर सर्वांनी केला, तर न केलेल्या धुराची किंमतही सर्वांनी वाटून घ्यावी. परंतु जगाने टाळ्या वाजवल्या आणि खिशात हात घातला नाही. प्रत्यक्ष हाती आले ते सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. ऑगस्ट २०१३ मध्ये कोरेआ यांनी योजना गुंडाळली आणि तेल काढण्याचा निर्णय जाहीर केला.

विद्यार्थी मित्रांनो, येथपर्यंतची गोष्ट सरकारांची होती. यापुढची तुमच्याहून थोड्याच मोठ्या मुलामुलींची आहे.

त्या देशाच्या राज्यघटनेत अशी सोय आहे की मतदारयादीतील पाच टक्के लोकांनी सह्या केल्या तर एखादा प्रश्न सार्वमतास टाकता येतो. तेव्हा ‘यासुनिदोस’ या नावाने काही तरुण एकत्र आले. विद्यापीठातील विद्यार्थी, शिक्षक, पर्यावरणाचे अभ्यासक, अरण्यातील लोकांचे स्नेही असा तो मेळावा होता. हवे होते सुमारे ५ लाख ८३ हजार लोक. प्रत्येक सहीबरोबर नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक बिनचूक हवा. हे काम किती किचकट असते हे ज्याने मोहल्ल्यात शिधापत्रिकेचे अर्ज भरून घेतले आहेत त्याला विचारावे. एकाला वाचता येत नाही, एकाचे ओळखपत्र घरी राहिलेले, एक म्हणतो सही केली तर सरकारी नोकरी जाईल. तरीही एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी साडेसात लाखांहून अधिक सह्यांचे खोके निवडणूक मंडळाच्या दारात नेऊन ठेवले.

मंडळाने सह्या तपासल्या आणि निम्म्याहून अधिक बाद केल्या. काही दुबार होत्या, काहींचे क्रमांक जुळत नव्हते, आणि पुष्कळशा कागदाच्या मापासारख्या तांत्रिक कारणांवरून गेल्या. मंडळाने ग्राह्य धरल्या त्या सुमारे ३ लाख ६० हजार. म्हणजे सार्वमत नाही. २०१६ साली अरण्यात विहिरी सुरू झाल्या आणि तेल वाहू लागले.

अशा वेळी आपण काय करतो? चार दिवस हॉटेलात बसून सरकारला बोल लावतो आणि पाचव्या दिवशी विसरतो. (हॉटेलात मीही असतो, म्हणून सांगतो.) त्या तरुणांनी बाद ठरलेल्या सह्यांचा पाठपुरावा सोडला नाही. हे मंडळ, ते न्यायालय, अर्ज, फेरअर्ज. सह्या गोळा करताना जी पदवीच्या वर्गात होती त्यांची लग्ने झाली, मुले झाली, सरकारे बदलली. अखेर त्यांच्या मागणीला मान्यता मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटना न्यायालयाने प्रश्न मतास टाकण्यास संमती दिली. यासुनीच्या त्या तीन जागांतील तेल कायमचे जमिनीत ठेवावे, हे मान्य आहे काय, एवढाच तो प्रश्न होता.

२० ऑगस्ट २०२३ रोजी मतदान झाले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि अकरा दिवस आधी एका उमेदवाराचा भर सभेनंतर खून झाला होता. अशा भयाच्या वातावरणात लोक रांगेत उभे राहिले. तोवर त्या विहिरींतून रोज सुमारे ५५ हजार पिंपे तेल निघत होते, देशाच्या उत्पादनाचा जवळजवळ आठवा हिस्सा. तेल थांबल्यास वर्षाला सुमारे १२० कोटी डॉलरचे नुकसान होईल, असे सरकार सांगत होते. आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. तो ऐकून घेऊन ५९ टक्के मतदारांनी तेल जमिनीत ठेवा असा कौल दिला. तेथे सोळा वर्षांच्या मुलांनाही इच्छेनुसार मत देता येते. आपल्या अकरावीच्या वर्गातील मुले तेथे असती तर त्यांनाही मत देता आले असते.

आता गोष्टीची दुसरी बाजू. ज्या ओरेयाना प्रांतात हे तेल आहे, त्या प्रांताने मात्र तेल चालू ठेवण्याच्या बाजूने मत दिले. उत्तरेकडील शेजारच्या तेलाच्या प्रांतानेही तेच केले. वाओरानी लोकांतही काही वस्त्या अशा होत्या की ज्यांना शाळा आणि दवाखाना तेलाच्या पैशातून मिळाला होता, आणि ते तो गमावण्यास तयार नव्हते. शहरात राहून अरण्य वाचवा म्हणणे स्वस्त असते, असा त्यांचा रोख होता. ही तक्रार मला हसण्यावारी नेता येत नाही, कारण ती आपल्याच दारातून आल्यासारखी वाटते. गल्फचा व्हिसा बंद झाला तर माझ्या मुलाचे काय, असे विचारणारी आई आणि ओरेयानातील तो मतदार यांत फार अंतर नाही.

त्यांना उत्तर देण्यापूर्वी आपल्याच परंपरेतील एक गोष्ट आठवते. रसूलुल्लाह (स.) यांनी मदीनेजवळ नकीअ येथील कुरण राखून ठेवले होते. अशा राखलेल्या जागेला ‘हिमा’ म्हणतात. मदीनेच्या हरमच्या हद्दीत झाड तोडण्यास आणि शिकार करण्यास मनाई होती. पुढे हजरत उमर (र.) यांनी कुरण राखले तेव्हा राखणदाराला बजावले की ज्याच्याजवळ थोडीशी उंटे, थोडीशी शेळ्यामेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे, धनवंतांचे कळप येऊ देऊ नकोस. धनवंताची जनावरे मेली तरी त्याच्याजवळ खजुराची बाग आणि शेती आहे. गरिबाची मेली तर तो मुलेबाळे घेऊन खलीफाच्या दारात उभा राहील. हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. जागा राखायची, पण राखण्याचे ओझे गरिबाच्या पाठीवर टाकायचे नाही. इक्वेडोरमध्ये पहिला भाग साधला, दुसरा अजून साधलेला नाही.

तो साधायचा कसा, याचे एक छोटे उदाहरण त्याच अरण्यात, यासुनीच्या दक्षिणेस आहे. तेथे आचुआर लोक राहतात. त्यांच्या गावांना रस्ते नाहीत, सगळा प्रवास नदीतून. पेट्रोल दूरवरून, पुष्कळदा विमानाने आणावे लागे, त्यामुळे आजाऱ्याला दवाखान्यात नेणेही महाग. रस्ता मागावा तर रस्त्याबरोबर तेलाच्या कंपन्या आणि लाकूडतोडे येतात. २०१७ साली तेथे छपरावर सौर पट्ट्या बसवलेली एक होडी चालू झाली. आचुआरांच्या दंतकथेतील विजेच्या माशाचे नाव तिला दिले, तापिआत्पिआ. ऊन पडते, बॅटरी भरते, होडी चालते. एका होडीने देश चालत नाही हे खरे. पण शाळा, दवाखाना आणि ये-जा यांसाठी तेलापुढेच हात पसरावा लागतो, या समजुतीला त्या होडीने धक्का दिला.

आणि देश कशावर चालतो? इक्वेडोरची बहुतांश वीज धरणांतून येते. ऐकायला स्वच्छ. २०१६ मध्ये त्यांनी कोका नदीवर १५०० मेगावॅटचा प्रकल्प सुरू केला. २०२० च्या फेब्रुवारीत त्याच नदीवरचा प्रसिद्ध सान राफाएल धबधबा कोसळला, पात्र खचत वर सरकू लागले आणि एप्रिलमध्ये काठावरच्या तेलाच्या नळ्या फुटून तेल नदीत गेले. २०२४ मध्ये दुष्काळ पडला, धरणे आटली आणि दिवसाला चौदा-चौदा तास वीज गेली. पाणी आटले म्हणजे ऊन आणि वारा हाताशी हवेत, पण त्यांची तयारी अपुरी होती. लोहा येथे डोंगरावर पवनचक्क्या २०१३ पासून फिरत आहेत, पण त्यांची शक्ती साडेसोळा मेगावॅट. म्हणून तेल नको म्हणणाऱ्याने, मग काय हवे, हेही तितक्याच नेटाने मागितले पाहिजे. यासुनीच्या चळवळीतील ही उणीव मला जाणवते. नकार त्यांनी दहा वर्षे लावून धरला, पर्यायाची मागणी त्या मानाने थोडी झाली.

मतानंतर काय झाले, हे सांगून माझे बोलणे संपवतो. वर्षभरात विहिरी बंद करायच्या होत्या. नवे राष्ट्राध्यक्ष नोबोआ निवडणुकीपूर्वी तेल थांबवण्याच्या बाजूचे होते. जानेवारी २०२४ मध्ये, गुंडांच्या टोळ्यांशी लढायला पैसा हवा म्हणून ते पुढे ढकलण्याची भाषा ते करू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली विहीर बंद झाली. त्या वर्षात २४७ पैकी दहाच बंद झाल्या, आणि सगळ्या बंद व्हायला पाच वर्षांहून अधिक लागतील असे सरकारने सांगितले. मार्च २०२५ मध्ये अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाचा निकाल जाहीर झाला. त्यात लोकांचा कौल अमलात आणा असे सरकारला बजावण्यात आले. सह्या गोळा करणारी ती मंडळी आता चाळिशीकडे झुकली असतील. बंद झालेल्या विहिरींचा हिशेब ती मागत आहेत.

अध्यक्षसाहेबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे. मुलांना काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी मी बाहेर व्हरांड्यात थांबेन.