हेतू आणि तरतूद
(गणित अध्यापक अधिवेशन, चाळीसगाव : स्वागताध्यक्षीय भाषण)



समस्त चाळीसगावकरांच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

हे अधिवेशन आमच्या गावी भरते आहे, याला जवळच्याच पाटणच्या शिलालेखामुळे विशेष अर्थ आहे. शके ११२८ चा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. लेखाचा शेवट मराठीत आहे, आणि तो थेट हिशेबाचा आहे : पाटणच्या बाजारातल्या मालावरचे राजाचे उत्पन्न मठाला लावून दिले, चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल दिले. म्हणजे हेतू आणि तरतूद एकाच दगडावर कोरली गेली.

आपल्या काळात ही जोडी फुटलेली दिसते. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. पहिली दहा वर्षे प्रत्येक मुलाने गणित शिकलेच पाहिजे, ही शिफारस याच आयोगाची, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणाला द्यावा, हीही. पहिली वर्गावर्गात पोचली. दुसरी १९६८ च्या धोरणात आली, १९८६ च्या आणि २०२० च्या धोरणांतही आली, पण अर्थसंकल्पात अजून पुरती उतरलेली नाही. दरम्यान २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या मनातल्या गणिताच्या भीतीची दखल घेतली. २०२१ पासून ‘निपुण भारत’ तिसरीपर्यंत संख्याज्ञान पक्के करू पाहत आहे. उद्दिष्टांबद्दल आपले भांडण नाहीच. मात्र एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता आणि त्यावर अशैक्षणिक कामे असतील, तर भीती घालवायला त्याने वेळ कुठून आणावा?

म्हणून यजमान या नात्याने एक विनंती. इथे जे ठराव होतील, त्यातल्या प्रत्येकाखाली लागणारे शिक्षक, प्रशिक्षणाचे दिवस आणि खर्च लिहावा. हिशेब मांडणे हे तर आपलेच काम!

दुपारच्या पंगतीला वरण-बट्टी आणि वांग्याचे भरीत आहे. व्यवस्थेत काही उणे राहिल्यास हक्काने सांगा, आणि दोन्ही दिवस मोकळेपणाने वाद घाला.