काळ्या कणांचा माग

गुजरात-काठेवाडकडे चोराच्या किंवा चुकलेल्या जनावराच्या पावलांवरून माग काढणारा ‘पगी’ पूर्वी असे. पगी चोराला पाहत नाही. धुळीत उमटलेली त्याची खूण पाहतो, आणि ती खूण दुसऱ्या कोणाची असू शकत नाही हे त्याला ठाऊक असते. रोगाचे मूळ हुडकणाऱ्याचे कामही पुष्कळदा याच जातीचे असते. हिवताप डासाच्या वाटेने माणसात शिरतो, ही गोष्ट जिने उघडकीस आली ती खूण म्हणजे काही काळे कण होत. आणि ते डासाच्या पोटात प्रथम दिसले ते सिकंदराबादेस, १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात.

हे कण वैद्यकाला नवे नव्हते. हिवतापाने मेलेल्या माणसाची प्लीहा काळवंडलेली असते, त्याच्या रक्तात काळसर रंगाचे सूक्ष्म कण सापडतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शवविच्छेदन करणाऱ्यांना माहीत होते. पण तो रोगाने मागे टाकलेला गाळ, अशी समजूत होती. अल्जीरियातील कॉन्स्टंटीन येथील लष्करी रुग्णालयात लाव्हेरान नावाचा फ्रेंच शल्यवैद्य ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता, ६ नोव्हेंबर १८८० रोजी, त्याला असे काळे कण धारण करणाऱ्या एका गोलकातून बारीक धागे बाहेर पडून वळवळताना दिसले. गाळ वळवळत नाही. ज्याच्या अंगात ते कण होते तो एक सजीव होता, आणि कण ही त्याची उष्टावळ होती. हा परोपजीवी जंतू तांबड्या रक्तपेशीत शिरून तिच्यातील रक्तद्रव्य खातो; त्यातील लोहाचा अंश त्याला पचत नाही, तो तो काळ्या स्फटिकांच्या रूपाने साठवून ठेवतो.

लाव्हेरानच्या म्हणण्यावर विश्वास ठेवावयास अनेक वर्षे लागली. न मानणाऱ्यांत अलमोड्यास जन्मलेले आणि हिंदुस्थानातील लष्करी वैद्यकीय सेवेत असलेले रोनाल्ड रॉस हेही होते. ते रक्त तपासत, परंतु जंतू त्यांना दिसत नसे. तेव्हा हिवताप आतड्याच्या बिघाडातून होतो असे लेख त्यांनी लिहिले. १८९४ साली ते रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना तोच जंतू समोर दाखवला. यंत्र तसेच, रक्त तसेच. काय पाहावयाचे हे कळताच ते दिसू लागले. डोळा नुसता उघडा असून भागत नाही, त्याला वळण लावावे लागते. सराफाची नजर दुकानात बसूनच तयार होते, त्यातलाच हा प्रकार.

मॅन्सन यांचा तर्क असा की जंतूचे पुढील आयुष्य डासाच्या पोटात जात असावे. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग जडतो, हे त्या तर्काचे उत्तरार्ध मात्र साफ चुकीचे होते. रॉस १८९५ साली हिंदुस्थानात परतले आणि सापडेल तो डास चिरून पाहू लागले. डासांच्या जातींची शास्त्रीय नावेही त्यांना ठाऊक नव्हती. ‘करडा’, ‘पट्टेरी’ अशी स्वतःची नावे देऊन ते काम भागवीत. दोन वर्षे हाती काही आले नाही. १८९७ च्या ऑगस्टात मदतनिसांनी आणलेल्या अळ्यांतून ठिपकेदार पंखांचे तपकिरी डास बाहेर पडले. अळीपासून वाढविलेले असल्यामुळे त्यांनी पूर्वी कोणाचे रक्त प्यालेले नाही, ही खात्री होती. १६ ऑगस्टला ते हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्यावर सोडले. त्याला डासागणिक एक आणा देण्याचे ठरले होते. दहा डास प्याले, त्याचे दहा आणे झाले. शास्त्राच्या इतिहासात इतके स्वस्त सहकार्य क्वचितच मिळाले असेल.

हवा उकाड्याची. पंखा चालवावा तर डास उडून जातात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि शिल्लक राहिलेल्या एकुलत्या एका नेत्रभिंगाला तडा गेला होता. २० ऑगस्टला, म्हणजे रक्त प्याल्याच्या चौथ्या दिवशी, थोडेच डास उरले असताना त्यांतील एकाच्या जठराच्या भिंतीत सुमारे १२ मायक्रॉन व्यासाची एक स्वच्छ, वाटोळी पेशी दिसली. अशी आणखीही दिसली. प्रत्येकीत काळे कण, हुबेहूब हिवतापाच्या जंतूत असतात तसे.

पेशी वाटोळी होती, यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण डासाच्या जठरात असले काळे कण कधी नसतात, हे रॉस यांना ठाऊक होते. आणि ठाऊक होते ते त्या दोन निष्फळ वर्षांमुळे. कित्येक डासांची निरोगी जठरे त्या नजरेखालून गेली नसती, तर हे कण दिसूनही दिसले नसते. दुसऱ्या दिवशी उरलेला डास चिरला. त्यातल्या पेशी आदल्या दिवसाहून मोठ्या होत्या. डासाच्या स्वतःच्या पेशी रक्त प्याल्याच्या दिवसापासून अशा दिवसाच्या हिशेबाने वाढणार नाहीत. वाढत होते ते डासाच्या अंगात उतरलेले दुसरेच काही होते. ही हकीकत त्याच वर्षी १८ डिसेंबरच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. सरकारने बदली करून त्यांना राजपुतान्यात धाडले, तेथे काम खुंटले. नंतर कलकत्त्यास १८९८ साली त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोचलेला पाहिला. पिण्याच्या पाण्याचा तर्क तेथे संपला. रोग येतो तो दंशातून. माणसाच्या हिवतापाची हीच साखळी त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळविली. श्रेयाचा वाद कडू झाला आणि रॉस यांनी तो आवश्यकतेपेक्षा अधिक कडू केला. नोबेल पारितोषिक १९०२ साली रॉस यांना, १९०७ साली लाव्हेरान यांना मिळाले. बेगमपेठ येथील इमारत आजही रॉस यांच्या नावाने ओळखली जाते.

आज खेड्यातील आरोग्यसेविकेजवळ सूक्ष्मदर्शक नसला तरी चालते. बोटातून रक्ताचा थेंब काढून पट्टीवर टाकावयाचा. काही मिनिटांत रेघ उमटते. ही पट्टीही जंतूला पाहत नाही. फाल्सिपेरम जातीचा जंतू रक्तात एक विशिष्ट प्रथिन सोडतो, त्याची ओळख ती पटविते. म्हणून रोगी बरा झाल्यावरही कित्येक आठवडे रेघ उमटू शकते, कारण जंतू मेला तरी त्याचे प्रथिन रेंगाळते. याहून गंभीर प्रकार उलट दिशेचा आहे. ते प्रथिन बनविणारे जनुकच नसलेले जंतू पेरूच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यात आढळल्याचे २०१० साली जाहीर झाले. त्यांच्यापुढे पट्टी कोरीच राहते आणि तापाने फणफणणाऱ्या माणसाला हिवताप नाही असे सांगून परत पाठविले जाते. आफ्रिकेतील एरिट्रिया देशात असे रोगी इतके निघाले की २०१६ साली तेथे त्या पट्ट्या बदलाव्या लागल्या. रेघ न उमटलेल्या त्या रोग्यांचे रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा जंतू तेथे होतेच.