इंजिनाचा पिवळा दिवा

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की मालकाच्या मनात दोन विचार येतात. गाडी चालते आहे तोवर चालू द्यावी, नाहीतर मिस्त्री सांगेल तो भाग बदलून मोकळे व्हावे. दोन्ही मार्ग फसवे आहेत. दिवा हा ज्वर होय. रोग निराळा असतो आणि तो शोधावा लागतो.

अशा रोगांपैकी एक म्हणजे धूर पुन्हा इंजिनात घेण्याच्या योजनेतील बिघाड. या योजनेचे मूळ लॉस एंजेलिसच्या हवेत आहे. त्या शहरात डोळे झोंबविणारे धुरके मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते, हे १९५० नंतरच्या दशकात आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. नायट्रोजन एरवी उदासीन असतो; परंतु सिलिंडरातील तपमान सुमारे १,३७० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्याचा प्राणवायूशी झपाट्याने संयोग होतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही अंश एका झडपेवाटे परत आत सोडतात. एकदा जळून गेलेला हा वायू पुन्हा जळत नाही. तो उष्णता शोषून ज्वाला सौम्य करतो.

अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून नव्या पेट्रोल मोटारींना स्वतःच्या दोषांची नोंद ठेवणारी ओबीडी-२ यंत्रणा सक्तीची झाली. तिच्यातील पी ०४०१ हा संकेत धुराचा प्रवाह अपुरा असल्याचे, तर पी ०४०२ तो अधिक असल्याचे सांगतो. कोणता भाग बिघडला, हे मात्र संकेत सांगत नाही. झडप उघडी अडकली असेल, तर गाडी उभी असताना इंजिन थरथरते, बंदही पडते. ती बंदच राहत असेल, तर चढावर इंजिन ठोके देऊ लागते.

साध्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या झडपेची परीक्षा सोपी आहे. इंजिन तापवून मंद चालू ठेवावे आणि हातपंपाने झडपेला व्हॅक्यूम द्यावा. पंपाचा काटा खाली येऊ लागला, तर झडपेचा पडदा फाटला आहे. काटा स्थिर राहून इंजिन अडखळले, तर झडप व मार्ग दोन्ही ठीक. दोष रबरी नळीत, सोलेनॉइडमध्ये किंवा सेन्सरमध्ये शोधावा. काटा स्थिर, पण इंजिन निश्चल, तर झडप जखडली आहे किंवा मार्ग काजळीने बुजला आहे. तो खरवडून साफ न करता नवी झडप बसविली, तर पैसे जातात आणि दिवा पुन्हा लागतो.

दिवा लुकलुकत असेल, तर मात्र इंजिनाचा एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, असे समजून वेग त्वरित कमी करावा. अन्यथा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो.

काही लोक पत्रा लावून हा मार्गच बंद करतात. त्याने मालकाची कटकट मिटल्यासारखी वाटते. परंतु त्या धुराची किंमत रस्त्याने चालणारा आपल्या फुप्फुसांनी चुकवितो.